नाकारण्याची ऐपत

पहाटे ४.१५

डिसेंबरात छत्तीसगडातल्या अहिवाऱ्याची थंडी थेट हाडांत शिरते. एका शेगडीवर चहा ठेवते, दुसरीवर तवा. डब्यात पोळ्या, तिवऱ्याच्या पाल्याची भाजी आणि गोंदियाहून सासूबाईंनी पाठवलेली जवसाची चटणी. पहिली पाळी सहाला सुरू होते आणि इथून भिलाईचा पोलाद कारखाना वीस-पंचवीस किलोमीटर. त्यामुळे घड्याळाशी घासाघीस करून चालत नाही.

मी कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये चाचणीचं काम करते. नवरा जवळच्याच नंदिनी चुनखडी खाणीत फोरमन आहे. पोलादाच्या प्रवासाचं सुरुवातीचं टोक त्याच्याकडे, शेवटचं माझ्याकडे. देशाच्या संरक्षणाचा विचार मी करते तो याच दोन टोकांच्या मधे उभी राहून.

पहाटे ४.५०

गाडीची वाट बघत रस्त्यावर आले की अंधारात धापा टाकण्याचे आवाज येतात. गावातली मुलं धावत असतात. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावायचं असतं आणि काही सेकंदांवर निकाल फिरतो. समोरच्या घरातला मुलगा रोज माझ्या हातात मोबाइल देतो. "काकी, टाइम बघा ना." मी वेळ सांगते. तो खूश होतो किंवा मान खाली घालून पुन्हा सुरुवातीच्या खांबाकडे चालू लागतो.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढची कायम नोकरी. या मुलांच्या घरांत त्या पंचवीस टक्क्यांची चर्चा जेवतानाही चालते. जो मुलगा एवढ्या पहाटे देशासाठी धावतो, त्याच्या पायाखाली उद्या जहाजाची डेक असेल, तर ती डेक फसवी निघता कामा नये. ही जबाबदारी धावणाऱ्याची नसते, आमची असते.

पहाटे ५.१०

नंदिनीजवळून गाडी जाते. रात्रपाळीच्या दिव्यांत खाणीच्या पायऱ्या दिसतात. त्यांना इथे बेंच म्हणतात. शेजारी, दगड संपलेल्या जुन्या खाणींच्या जमिनीवर आता झाडं लावून जंगल उभं केलं आहे. दिवसा तिथे पाखरं असतात.

या दगडाचा आणि युद्धनौकेचा संबंध अगदी सरळ आहे. झोतभट्टीत लोहखनिज वितळतं, तेव्हा त्यातली माती, सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि कोळशातून आलेलं गंधक कुठेतरी जायला हवं असतं. चुनखडी ते ओढून घेते आणि मळी होऊन वर तरंगते. गंधक लोखंडात राहिलं, तर पुढे पोलादात मँगनीजशी मिळून त्याचे बारीक कण होतात. प्लेट लाटताना ते कण चपटे होऊन लांबत जातात आणि नेमक्या त्याच रेषांवर प्लेट उसवते. म्हणून माझा नवरा दर बेंचवरच्या दगडाचा नमुना काढतो. ज्या दगडात सिलिका जास्त, तो दुसऱ्यात मिसळून बेताचा करतो किंवा बाजूला टाकतो. सिलिका वाढली की मळी वाढते, मळी वाढली की कोक जास्त जळतो.

नंदिनीचा दगड झोतभट्टीच्या प्रतीचा आहे. पुढे पोलाद बनवताना कन्व्हर्टरमध्ये फॉस्फरस काढायला आणखी शुद्ध, कमी सिलिकाचा चुना लागतो. त्यासाठीची चुनखडी देशातल्या पोलाद कारखान्यांना राजस्थानातल्या जैसलमेरकडून येते. सीमेवरच्या वाळवंटातला दगड आणि अहिवाऱ्याच्या शेजारचा दगड अशी दोघांची मिळून ही सफाई चालते.

पहाटे ५.४५

कारखान्याच्या दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ओळखपत्र बघतात. आत शिरल्यावर रेल्वेच्या रुळांवर कोळशाच्या वाघिणी उभ्या असतात.

या वाघिणी बघितल्या की मला नकाशा आठवतो. लोहखनिज आपलं आहे, ते दल्ली-राजहराहून येतं. पण कोक बनवायला लागणारा कोळसा देशात पुरेसा चांगला मिळत नाही. तो बहुतांश परदेशातून, मोठा वाटा ऑस्ट्रेलियातून, समुद्रमार्गे पूर्व किनाऱ्यावर उतरतो आणि रेल्वेने इथवर येतो. म्हणजे ज्या सागरी वाटांची राखण नौदल करतं, त्याच वाटांनी नौदलाच्या पोलादाचा कोळसा येतो. वाट बंद झाली तर भट्टी मंदावेल, आणि भट्टी मंदावली तर वाट राखणारी जहाजं बनणार नाहीत. नौदलावरचा खर्च समुद्रापासून इतक्या लांबच्या माणसांना कशाला, असं कोणी विचारलं की मी या वाघिणींकडे बोट दाखवते.

सकाळी ६.००

रात्रपाळीकडून ताबा घेते. वहीत कुठल्या हीटचे नमुने तुटले, कुठले बाकी आहेत, कुठल्या प्लेट थांबवून ठेवल्या आहेत, सगळं लिहिलेलं असतं. हीट म्हणजे एका वेळी कन्व्हर्टरमधून निघालेलं पोलाद. तिचा नंबर स्लॅबवर, मग प्लेटवर, मग नमुन्यावर आणि शेवटी प्रमाणपत्रावर उतरतो. पुढे कधी जहाजाच्या एखाद्या भागावर शंका आली, तर त्या नंबराचा धागा धरून मागे जाता यायला हवं. म्हणून ताबा देताना आणि घेताना आम्ही नंबर मोठ्याने वाचतो. आकडा चुकला तर प्लेट चांगली असूनही तिला नाव उरत नाही, आणि बेनाव प्लेट जहाजावर चढत नाही.

सकाळी ७.००

थोडा वेळ मिलच्या कडेला उभी राहते. सुमारे बाराशे अंशांवर तापलेली स्लॅब भट्टीतून बाहेर येते. जोराच्या पाण्याने तिच्या अंगावरची खपली उडते आणि ती रोलरांखाली जाते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. दर फेरीला जाडी कमी आणि लांबी जास्त. ३६०० मिलिमीटरच्या या मिलचा आवाज छातीत वाजतो.

मग एक क्षण असा येतो की नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. लाल प्लेट टेबलावर नुसती थांबते. पल्पिटमधला, म्हणजे नियंत्रण-खोलीतला, चालक तापमान उतरायची वाट बघत असतो. पोलाद ठरावीक तापमानापर्यंत थंड झाल्यावर शेवटच्या फेऱ्या दिल्या, की त्याचे कण बारीक राहतात. ताकद वाढवायचे बाकीचे बहुतेक उपाय पोलादाला ठिसूळपणाकडे नेतात. बारीक कणांनी मात्र ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. पोलादात किंचित नायोबियम आणि व्हॅनेडियम घालतात, तेही कण मोठे होऊ नयेत म्हणूनच. नायोबियम आपल्याकडे निघत नाही. जगाला ते मुख्यतः ब्राझील पुरवतो. म्हणजे इथेही एक दोर परक्या हातात आहे, आणि तो लक्षात ठेवूनच साठ्याची आखणी करायला हवी.

सकाळी ९.००

कँटीनमध्ये चहा आणि चिला. भिंतीजवळच्या टेबलावर जुनी माणसं बसलेली असतात. विक्रांतचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो.

पहिली विक्रांत ब्रिटनमध्ये अर्धवट बांधून पडलेली होती. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली आणि १९६१ मध्ये ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने मोठी कामगिरी केली, १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईकरांनी पुढे कित्येक वर्षं तिच्यावर जाऊन संग्रहालय पाहिलं. दुसरी विक्रांत आपण स्वतः बांधायची ठरवली, तेव्हा पहिला अडथळा पोलादाचा आला. लागणारी प्रत रशियाकडून घ्यायची होती आणि ती मिळण्यात अडचणी आल्या. मग हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा, नौदल आणि आमची पोलाद कंपनी सेल यांनी मिळून डीएमआर २४९ ही प्रत देशात तयार केली. भिलाई, बोकारो आणि राउरकेला या तीन कारखान्यांनी विक्रांतसाठी सुमारे ३०,००० टन खास पोलाद दिलं. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत २६२ मीटर लांबीची ती नौका नौदलात दाखल झाली.

त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. तेच पोलाद इतर जहाजांनाही लागू लागलं. पाणबुडीविरोधी कामोर्ता वर्गाच्या नौकांना लागलं, मग मुंबईच्या माझगाव गोदीत आणि कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधायला घेतलेल्या निलगिरी वर्गाच्या सात नौकांनाही. त्यांतली पहिली, आयएनएस निलगिरी, १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झाली. याच नावाची आधीची नौकाही माझगावातच बांधलेली होती. १९७२ ची ती नौका भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका, पण तिचा आराखडा ब्रिटिश होता. एका विक्रांतसाठी घेतलेले कष्ट सात निलगिरींना उपयोगी पडले, आणि मर्यादित पैशांत सैन्य उभं करणाऱ्या देशाला हाच मार्ग परवडतो.

सकाळी १०.००

आता माझं खरं काम, चार्पी चाचणी. प्लेटच्या कडेच्या तुकड्यातून नमुने कापून येतात. ५५ मिलिमीटर लांब, दहा बाय दहाचे छोटे दांडके, मधोमध दोन मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच. अल्कोहोलमध्ये कोरडा बर्फ घालून तापमान उणे ६० अंशांवर आणते. नमुने त्यात बुडवून ठेवते. पूर्ण गारठले की चिमट्याने एकेक उचलायचा, यंत्राच्या आडव्या आधारावर ठेवायचा आणि लोलक सोडायचा. हे सगळं पाच सेकंदांच्या आत. उशीर झाला तर नमुना गरम होतो आणि खोटं उत्तर देतो.

लोलक नमुना तोडून पलीकडे किती उंच जातो, त्यावरून तोडायला लागलेली ऊर्जा कळते. चिवट पोलाद लोलकाची ताकद खाऊन टाकतं. ठिसूळ पोलाद काचेसारखं तुटतं आणि लोलक पलीकडे दिमाखात चढतो.

नवीन मुलं विचारतात, हिंदी महासागर तर कोमट, मग उणे साठ कशाला? आघात जितका वेगवान, तितकं पोलाद ठिसूळ वागतं. पाण्याखाली सुरुंग फुटला की त्याचा धक्का एका क्षणाच्या बारीक हिश्शात येतो. त्या वेळी कोमट पाण्यातलं पोलादही गोठल्यासारखं वागू शकतं. प्रयोगशाळेतली थंडी ही त्या स्फोटाची पूर्वपरीक्षा आहे. ती न घेतल्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज जवळजवळ दोन तुकडे होऊन फाटलं. आसपास शत्रू नव्हता, वादळ नव्हतं. थंडी होती, जोडकामातले दोष होते आणि खाच सहन न करणारं पोलाद होतं.

तुटलेली तोंडं मी भिंगाखाली बघते. राखाडी, तंतुमय, ओढून तुटल्यासारखी दिसली की चांगलं. चकचकीत दाणेदार दिसली की जपून.

दुपारी १२.००

अल्ट्रासॉनिकचे निकाल येतात. ध्वनिलहरी प्लेटच्या जाडीतून पाठवल्या की आतली फट किंवा पापुद्रा असेल तिथून त्या लवकर परततात. रासायनिक तपासणी, ताण चाचणी, वाकवणी, चार्पी, अल्ट्रासॉनिक, मोजमाप अशा सगळ्या रकान्यांत आकडे भरले गेले की नौदलाच्या वतीने येणारे निरीक्षक कागद बघतात, हवं तर पुन्हा नमुना मागतात.

या टेबलावर मला संरक्षणाबद्दल सगळ्यात मोठी गोष्ट उमगली. कसोटीला न उतरलेली प्लेट आम्ही थांबवतो. नियमाप्रमाणे फेरचाचणी होते. तरी कमी पडली, तर ती साध्या कामाच्या प्रतीत जाते किंवा पुन्हा वितळते. कोणी रडत नाही, कोणी लपवत नाही, कारण तिच्या जागी दुसरी प्लेट लाटता येते. भट्टी इथे आहे, दगड अहिवाऱ्याजवळ आहे, चालक कँटीनमध्ये चहा पितो आहे.

हीच प्लेट हजारो मैलांवरून आली असती तर? नाकारली तर नवी यायला कित्येक महिने, गोदीतलं काम ठप्प, दंडाची भाषा, आणि विकणाऱ्या देशाचं राजकारण त्यातच बदललेलं. मग हात आखडतो. 'थोडं कमी आहे, चालवून घेऊ' असा विचार डोकं वर काढतो. जो स्वतः बनवतो, त्यालाच नाकारता येतं. आत्मनिर्भरता या शब्दावर सभा पुष्कळ होतात. माझ्या लेखी तिचा अर्थ एवढाच: खराब वस्तूला नाही म्हणण्याची ऐपत.

दुपारी २.००

पाळी संपते. दुसऱ्या पाळीच्या सहकाऱ्याला नंबर मोठ्याने वाचून देते. परतीच्या गाडीत डोळा लागतो.

दुपारी ३.१५

घरी वरण-भात. नवरा खाणीतून आलेला असतो, बुटांवर पांढरी धूळ. आज सुरुंगाच्या वेळी भोंगा वाजवून सगळ्यांना धोक्याच्या हद्दीबाहेर काढायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण दोन गुराखी झुडपांत होते. दोन माणसांसाठी स्फोट थांबवला, उत्पादन थोडं मागे पडलं. त्याने योग्य केलं.

दुपारी ४.३०

महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले सुभेदारकाका अंगणात येऊन बसतात. "जय जोहार, सूनबाई," म्हणत खुर्ची ओढतात. त्यांच्याशी बजेटवर बोलणं म्हणजे शिकणं असतं.

२०२५-२६ साठी संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले. त्यात नवी शस्त्रं, जहाजं, विमानं अशा भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी आणि निवृत्तिवेतनाला सुमारे १.६१ लाख कोटी. उरलेला बहुतेक पगार, दारूगोळा, इंधन, देखभाल यांत जातो. मी म्हटलं, "काका, नव्या साधनांना आणि पेन्शनला जवळपास सारखेच पैसे. हे कसं पेलायचं?"

ते शांतपणे म्हणाले, "पोरी, बर्फात उभ्या राहिलेल्या माणसाला म्हातारपणी देशाने वाऱ्यावर सोडलं, तर उद्या बर्फात कोण उभं राहील? पैसे वाचवायचेच असतील तर एकच वस्तू चार देशांकडून चार तऱ्हेची घ्यायची सवय सोडा. चार तऱ्हेचे सुटे भाग, चार तऱ्हेची दुरुस्ती. आम्ही ते भोगलंय."

भारत लोकसंख्येने प्रचंड आहे, पण दर माणशी उत्पन्न पाहिलं तर आपली ऐपत मध्यमच. उत्तरेला डोंगरी सीमा, पश्चिमेला वाळवंट, तिन्ही बाजूंना पाणी. सगळ्याला एकदम पैसा पुरत नाही. मध्यम ऐपतीचं घर जसं दिखाऊ दिवाणखान्याआधी विहीर खोदतं, तसं आधी पाया घालावा लागतो. आधुनिकीकरणाच्या रकमेतला तीन चतुर्थांश भाग त्या वर्षी देशी खरेदीसाठी राखला, हे मला योग्य वाटतं. पण देशी म्हणजे सुटे भाग आणून इथे जोडणं असेल, तर पाया अजून दुसऱ्याच्याच जमिनीवर आहे. कच्चा माल, धातू आणि चाचणी इथवर पोचलेलं देशीपण हवं.

संध्याकाळी ६.३०

भंडाऱ्याहून मामेभावाचा फोन. तिथल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. त्या परिसरातली माणसं आजही बोलता बोलता मधेच गप्प होतात. सीमेवर पडलेल्या जवानाला आपण मानवंदना देतो, ती द्यायलाच हवी. दारूगोळा बनवताना गेलेला कामगारही त्याच लढाईतला आहे. त्याची सुरक्षितता हा कारखान्याचा अंतर्गत प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. शिकलेला, अनुभवी हात गेला की तो कुठल्याही बजेटात विकत मिळत नाही.

रात्री ८.००

मुलगी नववीत आहे. तिला शाळेत दक्षिण कोरियाबद्दल बोलायचं आहे. मी तिला सांगते की तो देश आकाराने लहान, शेजारी कठीण, युद्धाने उद्ध्वस्त झालेला. त्यांनी १९६८ मध्ये पोहांगची पोलाद कंपनी स्थापन केली, १९७३ मध्ये तिचं पोलाद निघालं. त्याच सुमारास उल्सानला जहाजांची गोदी उभी राहिली आणि जेमतेम दहा वर्षांत तिथून देशी फ्रिगेट पाण्यात उतरली. आज त्यांच्या तोफा जगभर जातात. आपल्या लष्कराची के-९ वज्र तोफ मूळ कोरियन आराखड्याची, गुजरातेत हजिराला बनलेली.

ती विचारते, "म्हणजे आधी पोलाद, मग जहाज?"

हो. आपल्याकडेही क्रम तोच होता. सोव्हिएत मदतीचा करार १९५५ मध्ये झाला, भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तेव्हा या माळावर पोलाद काढणं अनेकांना हट्ट वाटला असेल. त्या हट्टाचं फळ विक्रांतच्या रूपाने साठ वर्षांनी पाण्यात उतरलं. संरक्षणाची तयारी पाच वर्षांच्या राजकारणात मोजता येत नाही, ती पिढ्यांत मोजावी लागते.

रात्री ९.१५

उद्याचा डबा, उद्याची पाळी. झोपण्याआधी मुलीच्या वहीत शेवटचा परिच्छेद आम्ही दोघींनी मिळून लिहिला, तो असा:

मर्यादित साधनांच्या देशाने शस्त्रं मोजण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हे आपल्याला पुन्हा बनवता येईल का? बनवणारे हात शिकलेले, सुरक्षित आणि सन्मानाने राखलेले आहेत का? आणि कमअस्सल निघालं, तर ते परत करायची मोकळीक आपल्याला आहे का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील, तर संख्या हळूहळू वाढवता येते. एखादंही उत्तर नकारार्थी असेल, तर परेडमध्ये सुंदर दिसणारं साधन युद्धाच्या दुसऱ्या महिन्यात सुट्या भागाची वाट बघत उभं राहील. आणि ही उत्तरं दिल्लीत ठरत असली, तरी ती खरी करण्याचं काम खाणीच्या बेंचवर, मिलच्या पल्पिटमध्ये आणि चाचणीच्या टेबलावर रोज पहाटे सहाला सुरू होतं.